स्पेनमधलं घर आणि सहा टक्क्यांची हमी

आमच्या स्पेनच्या व्यवहारातला एकही कागद खोटा नाही. घर खरं आहे, ते आमच्याच मालकीचं आहे, तिथल्या नोंदणी कार्यालयात आम्हा दोघांची नावं स्पेलिंगसकट बरोबर चढलेली आहेत. तरीही आमचे पंचवीस लाखांच्या आसपास रुपये गेले. ओळखीतलं कुणी ना कुणी अजूनही विचारतं, "स्पेनमध्ये घर घेणं लांबच्या मुदतीला कसं?" म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

2022 साली नाशिकच्या एका हॉटेलात चर्चासत्र झालं. डॉक्टर होते, युरोपला माल पाठवणारे द्राक्ष बागायतदार होते, समृद्धी महामार्गात जमीन गेल्याचा मोबदला हातात असलेलेही काही होते. बोलणारा मुलगा आपल्याकडचाच, मराठी स्वच्छ, नम्र. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, शेवटची वर्षं परकीय चलन विभागात, हे कळल्यावर म्हणाला, "काकू, मग तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच इथे उभ्या राहून बोला."

त्याने आधी भीती घातली, आणि ती अगदी खरी भीती होती. 2006 मध्ये दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरच्या मार्बेयात जमिनींच्या गैरव्यवहारात महापौरांनाच अटक झाली आणि सरकारने अख्खी नगरपालिका बरखास्त केली, हे त्याने सांगितलं. अल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावी एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याने पालिकेच्या परवान्याने बांधलेलं घर जानेवारी 2008 मध्ये पाडण्यात आलं, कारण प्रादेशिक सरकारने आक्षेप घेतल्यावर तो परवानाच बेकायदा ठरला, हेही सांगितलं. बांधकाम व्हायच्या आधीच पैसे भरलेल्या हजारो लोकांचे पैसे 2008 नंतर अडकले. अशा पैशाला बँकेची किंवा विम्याची हमी हवी, असा कायदा तिथे 1968 पासून होता, पण ती हमी कित्येकांना मिळालीच नव्हती. बँकांनाही जबाबदार धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर 2015 उजाडलं. हे सगळं सांगून तो म्हणाला, "म्हणून आम्ही शेतजमिनीवरचं घर दाखवत नाही आणि कागदावरची इमारतही विकत नाही. उभं घर, चालू घर, आणि पहिल्या महिन्यापासून भाडं."

त्याचं बोट ज्या दाराकडे होतं तिथून चोर येणारच नव्हता.

घर होतं आलिकांते प्रांताच्या दक्षिण टोकाला, तोरेव्हिएखाजवळ. मिठागरामुळे गुलाबी दिसणारं तळं, समुद्र, पोहण्याच्या तलावाभोवती पांढऱ्या इमारती. दोन खोल्यांचा फ्लॅट, मालक एक वृद्ध बेल्जियन जोडपं. किंमत 1,78,000 युरो, "सगळं धरून"; फक्त कर आणि नोटरी-नोंदणीचा खर्च वेगळा. पहिली दोन वर्षं सहा टक्के भाड्याची लेखी हमी, म्हणजे वर्षाला 10,680 युरो. पुढे आणखी दोन फ्लॅट घेतले आणि गुंतवणूक पाच लाख युरोंवर गेली की रहिवासाचा व्हिसा, हे वरचं लोणी. ही पाच लाखांची तरतूद 2013 च्या कायद्यात खरोखर होती. 3 एप्रिल 2025 ला स्पेनने ती बंद केली. चर्चासत्रातल्या ज्यांनी व्हिसाच्या आशेने एकेक फ्लॅट घेत ठेवला होता, ते मधल्यामध्ये राहिले.

आम्ही जाऊन घर पाहिलं. विमानाचं भाडं व्यवहार झाला की परत, अशी सवलत होती. तीन दिवसांत त्याने एक क्षण आम्हाला एकटं सोडलं नाही; जेवण, नाश्ता, समुद्रावरची चक्कर, सगळीकडे बरोबर. ह्यांना तो पाहुणचार वाटला. मला आता वाटतं, शेजारच्या दलालाच्या काचेवर तशाच फ्लॅटचे भाव लावलेले असतात, ते आमच्या नजरेस पडू नयेत एवढीच ती काळजी होती.

वकील त्यानेच दिला. इंग्रजी उत्तम बोलणारी बाई, आलिकांतेत कार्यालय. खरेदीखताच्या वेळी पुन्हा व्हिसा काढून यायला नको म्हणून तिच्या नावे मुखत्यारपत्र करायचं ठरलं. इथे नोटरी, सरकारी शिक्के, परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र), मग तिकडे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. परदेशी नागरिकाला लागणारा ओळख क्रमांक, बँक खातं, वीज-पाणी, सगळं तीच करणार. मुखत्यारपत्रात एक ओळ होती: घराच्या अनुषंगाने लागतील ते सर्व करार करण्याचा आणि रकमा देण्याचा अधिकार. सगळी फसवणूक त्या ओळीत बसलेली होती.

पैसे मी परदेशी रक्कम पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून पाठवले. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आम्हा दोघांत आरामात बसलं. रक्कम गेली वकिलाच्या, ग्राहकांचे पैसे ठेवायच्या खात्यात, एकरकमी. तिथून ती दोन वाटांनी निघाली, हे आम्हाला दिसलं नाही. 1,36,000 युरो खरेदीखतात, बेल्जियन जोडप्याला. उरलेले 42,000 एका वेगळ्या कंपनीला, "फर्निचर, सजावट आणि पर्यटक भाड्याची उभारणी" या कराराखाली. करारावर सही आमच्या वतीने आमच्याच वकिलाची. भाड्याची हमी देणारी कंपनीही हीच.

आता हिशोब मांडते, कारण माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात शिकण्यासारखं तेच आहे. दोन वर्षांचं हमीचं भाडं 21,360 युरो. घरात आलेलं फर्निचर, पलंगापासून चमच्यापर्यंत, फार तर आठ हजारांचं. 42,000 मधून हे दोन्ही वजा केले तरी त्यांच्याकडे 12,640 युरो उरतात, विकणाऱ्याकडून घेतलेली दलाली वेगळीच. फ्लॅटमध्ये दोन वर्षांत एक भाडेकरू नाही आला तरी त्यांना चिंता नव्हती. आमच्याच ताटातला घास उचलून दर महिन्याला आम्हालाच वाढत होते, 890 युरोंचा. आणि आम्ही इकडे नातेवाइकांना सांगत होतो की भाडं एक दिवस चुकत नाही.

याच्यावरची कडी म्हणजे कर. युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी मालकाला भाड्यावर 24 टक्के आयकर आहे, आणि तोही ढोबळ भाड्यावर. करखातं खर्च वजा करू देत नाही. "कर आमच्याकडे," असं कंपनीने सांगितलं होतं. त्यांनी एकही विवरण भरलं नव्हतं. तो फॉर्म, मोदेलो 210, नंतर आम्ही दुसरा करसल्लागार गाठून भरला: दोन वर्षांचे 5,126 युरो, वर उशिराचा अधिभार. म्हणजे आपलाच पैसा आपल्याला परत मिळाला आणि त्यावर स्पेनच्या सरकारला चोवीस टक्के दिले. बँकेत मी बरंच काही पाहिलंय, हे नव्हतं पाहिलं.

2024 च्या अखेरीस हमीची मुदत संपली आणि भाडं थांबलं. मेलना उत्तर नाही. माझी भाची व्हॅलेन्सियात शिकते, तिला खरेदीखताची प्रत पाठवली. ती व्हिडिओ कॉलवर एकेक ओळ वाचत होती. मध्येच थांबली. "मावशी, इथे किंमत एक लाख छत्तीस हजार लिहिली आहे. तू तर एक अठ्ठ्याहत्तर म्हणत होतीस."

मग तिने एकेक गोष्ट काढली. हमी देणाऱ्या कंपनीचं भांडवल 3,000 युरो, जेवढं कायद्याने किमान लागायचं तेवढंच. 2022 च्या नव्या कायद्याने तर एक युरोतही अशी कंपनी काढता येते. 21 हजारांची हमी तीन हजारांच्या कंपनीने दिली होती. जुन्या जाहिरातीत तोच फ्लॅट, त्याच पडद्यांसह, 1,25,000 ला होता. आणि पर्यटकांना भाड्याने द्यायला लागणारी नोंदणी आमच्या घराची झालेलीच नव्हती. ती आता करायची तर 3 एप्रिल 2025 पासून सोसायटीतल्या तीन पंचमांश मालकांची आधी मंजुरी लागते. आमच्या इमारतीत निम्मे लोक वर्षभर राहणारे निवृत्त. रात्री दोनला बॅगांची चाकं खडखडवत येणारे पाहुणे त्यांना कशाला हवेत? ठराव पडला. मला त्यांचा राग आला नाही. आमच्या नाशिकच्या इमारतीत मीही विरोधातच हात वर केला असता.

उरलं साधं, लांब मुदतीचं भाडं. तिथल्या कायद्यात भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क असतो, मध्येच घर मोकळं करून मागणं सोपं नाही. महिना 700 युरो मिळतात, वर्षाचे 8,400. त्यातून 24 टक्के कर 2,016. सोसायटीचं शुल्क, पालिकेचा घरपट्टीसारखा कर, कचरा, विमा, चावी सांभाळणारा माणूस, मिळून 2,100 च्या आसपास. हाती येतात सव्वाचार हजार. आमचा एकूण खर्च, दहा टक्के हस्तांतरण कर आणि नोटरी-नोंदणीसह, 1,96,600 युरो. परतावा झाला जेमतेम सव्वादोन टक्के. नाशिकच्या बँकेतली साधी मुदत ठेव याच्या जवळजवळ तिप्पट देते, आणि पाइप फुटला म्हणून तिचा फोन येत नाही.

"पण स्पेनमध्ये किमती वाढतायत ना?" वाढतायत. 2025 मध्ये घरांचा सरकारी निर्देशांक वर्षाला बारा टक्क्यांवर वाढत होता. युरोही आम्ही पैसे पाठवले तेव्हा ऐंशीच्या आसपास होता, आज शंभरच्या वर आहे. रुपयात मोजलं की आमची जखम निम्मी झाकली जाते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हाच देश 2008 ते 2014 मध्ये घरांच्या किमतीत सुमारे एक तृतीयांश उतरला होता, आणि किनाऱ्यावर त्याहून जास्त. 2008 च्या सुरुवातीचा सरासरी दर पुन्हा गाठायला 2025 साल यावं लागलं. सतरा वर्षं, तीही महागाई न धरता. लांबची मुदत म्हणजे किती लांब, हे साठीतल्या माणसाने आधी स्वतःशी ठरवावं. स्वतः राहायचं असेल, मुलं तिकडे असतील, तर गणित वेगळं. नुसत्या भाड्यासाठी साडेचार हजार मैलांवर घर घेण्यात मला तरी आता अर्थ दिसत नाही.

विकायचं म्हटलं तर खरेदीखतात नसलेले 42,000 खरेदी किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे आमच्या खिशातून तोटा, पण कागदावर नफा दिसला तर त्यावर 19 टक्के कर. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर घेणारा किमतीतले तीन टक्के कापून थेट करखात्यात भरतो. जास्तीचे परत मिळवायला अर्ज करा आणि वाट पाहा. पालिकेचा जमिनीच्या वाढीवरचा कर आणखी वेगळा.

तक्रारीचं काय? नाशिकच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला आहे. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची, त्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेचं 420 कलम. अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, घर मिळालं ना? सही तुमच्या वकिलाचीच ना?" चर्चासत्रातला तो मुलगा म्हणतो, तो फक्त ओळख करून देणारा. वकील म्हणते, तिने अधिकारपत्राप्रमाणे केलं. कंपनीच्या पत्त्यावर आता नखांचं पार्लर आहे. तिकडे वकिलांच्या संघटनेकडे शिस्तभंगाची तक्रार केली आहे. वकिलांना व्यावसायिक विमा असतो, तेवढीच आशा.

स्पेनमध्ये नोटरी हा सरकारी अधिकाराचा माणूस असतो, पण तो तुमचा वकील नव्हे. खतात लिहिलेली किंमत आणि रक्कम देण्याचा मार्ग तो तपासतो. खताबाहेर झालेला करार त्याच्यासमोर येतच नाही. म्हणून घेणार असाल तर दलालाशी कसलाही संबंध नसलेला वकील स्वतः शोधा आणि त्याची फी स्वतः द्या. नोंदणी कार्यालयातून घराचा उतारा, ज्याला तिथे नोता सिम्प्ले म्हणतात, तो दहा-बारा युरोत कुणालाही मिळतो. मालकी आणि बोजा त्यात कळतो. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागा, कारण चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घरासोबत तुमच्याकडे येते. खतातली किंमत आणि तुम्ही पाठवणार ती रक्कम यांत करांपलीकडे एक युरोचा फरक दिसला तरी थांबा. आणि भारतातल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दर वर्षी दाखवा, भाडं येवो न येवो. काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात न दाखवण्याचा दंड दहा लाख आहे.

ज्यांनी आमच्यासारखंच सरसकट मुखत्यारपत्र दिलंय आणि व्यवहार होऊन गेलाय, त्यांनी ते अजून जिवंत आहे हे लक्षात घ्यावं. घर झालं म्हणून अधिकार आपोआप संपत नाही; त्या कागदावर तुमचं घर गहाणही टाकता येईल, जर तसे शब्द त्यात असतील. रद्द करण्याचा लेख इथे नोटरीपुढे करून, अपोस्टिल घेऊन, भाषांतरासह तिकडच्या नोटरीमार्फत त्या वकिलाला बजावावा लागतो, आणि तिच्याकडची मूळ प्रत परत मागावी लागते. आमच्या वकिलाने ती अजून दिलेली नाही.