सेकंड हँड नेक्सॉन ईव्ही : दहा महिने आणि 24,000 किमीनंतर

मी साताऱ्यात राहते आणि कराडच्या कॉलेजात शिकवते. दारातून निघून परत दारात यायचे 108 किलोमीटर होतात. आठवड्याचे सहा दिवस हाच हायवे, तोही सहापदरीकरणाच्या कामातला. जुन्या पेट्रोल गाडीला महिन्याला अठरा हजारांचं पेट्रोल लागायचं. इलेक्ट्रिक घ्यायची हे घरात पक्कं होतं, वाद होता तो नवी की जुनी एवढाच.

नवऱ्याची पसंती नव्या पंच ईव्हीला होती, 35 किलोवॅट-तासांची मोठी बॅटरी असलेली. ऑनरोड चौदा लाखांच्या आसपास जात होती. माझं लक्ष पुण्यातल्या एका 2021 च्या नेक्सॉन ईव्हीवर होतं : जानेवारीत नोंदणी झालेली, 41,000 किमी चाललेली, एकच मालक, साडेसात लाख. शेवटी पाडव्याला, 30 मार्च 2025 ला, तीच दारात आली. दोन्ही गाड्या ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पेट्रोल गाडी जुनी घेताना आपण वर्ष, किलोमीटर आणि इंजिनाचा आवाज बघतो. इथे तो हिशोब कामाचा नाही. नेक्सॉनची मूळ बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत 30.2 युनिटांची. तुम्ही खरं तर ही टाकी विकत घेता, आणि ती टाकी आता केवढी उरली आहे हे बाहेरून दिसत नाही. ते काढायची पद्धत मात्र अगदी शाळेतल्या गणिताची आहे.

गाडीच्या मालकांना, पुण्यातल्या एका निवृत्त काकांना, मी आदल्या रात्री गाडी शंभर टक्के भरून ठेवायला सांगितलं. सकाळी ट्रिप मीटर शून्य केला आणि कोथरूडहून खंबाटकीच्या अलीकडे पारगाव-खंडाळ्यापर्यंत जाऊन परत आलो. गेलो त्याच रस्त्याने परत आलो, म्हणजे चढ-उताराची फिटंफाट. 132 किमी झाले, चार्ज 28 टक्क्यांवर आला आणि सरासरी वापर किमीला 148 वॅट-तास दिसला. 132 गुणिले 148 म्हणजे साडेएकोणीस युनिटं. ती 72 टक्क्यांत गेली, तर शंभर टक्क्यांत 27.1. मूळच्या तुलनेत नव्वद टक्के. नव्या गाडीतही पूर्ण 30.2 वापरायला मिळत नाहीत, थोडी बॅटरी राखून ठेवलेली असते, त्यामुळे खरी झीज याहून कमीच धरायला हवी. मी तिथेच मनाशी होकार दिला.

याच्या आधी एका एजंटाकडे दुसरी गाडी पाहिली होती. किंमत लाखाने कमी, रंग चकचकीत. "मॅडम, बॅटरी एकदम ओके आहे," हे त्याने चार वेळा सांगितलं, पण शंभर किलोमीटर चालवून बघू द्यायला तयार होईना. दोन किलोमीटरची चक्कर मारा म्हणाला. दोन किलोमीटरमध्ये इलेक्ट्रिक गाडीचं काहीही कळत नाही, सगळ्याच गाड्या गुळगुळीत पळतात. लांबची चाचणी नाकारली की तिथून निघायचं, हा माझा पक्का सल्ला आहे.

पुराचंही बघा. माझं माहेर चिपळूणचं. जुलै 2021 मध्ये गाड्या पाण्यात तरंगताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बॅटरीला आयपी67 मानांकन असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवस चिखलात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून विम्याच्या क्लेमचा इतिहास मागवा, सीटखालचे पट्टे आणि गालिच्याच्या खालचा पत्रा तपासा.

आता वॉरंटी. बॅटरी आणि मोटरवर आठ वर्षं किंवा 1,60,000 किमी, यातलं जे आधी होईल ते, आणि ती दुसऱ्या मालकाकडेही येते. माझ्या गाडीची आठ वर्षं जानेवारी 2029 ला संपतात. घेताना 1,19,000 किमी शिल्लक होते आणि माझं महिन्याचं चालणं अडीच हजारांच्या घरात आहे, म्हणजे वर्षं आणि किलोमीटर जवळजवळ एकदमच संपणार. वॉरंटीतलं काहीच वाया जाणार नाही. रोज पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याच्या हातात मात्र वर्षं संपतील आणि किलोमीटर तसेच राहतील. त्याने जरा नवी गाडी बघावी. नवी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट : काही कंपन्या आता बॅटरीवर आजीवन वॉरंटी देतात, पण ती पहिल्या मालकापुरती असते. पुढे विकायचा विचार असेल तर हा मुद्दा किमतीत धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. गाडी आपल्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला 35. पुण्याच्या काकांकडून थेट घेतल्याने जीएसटीचा प्रश्न आला नाही. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर 18 टक्के लागतो आणि तो किमतीतूनच निघतो. विम्याचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. जुना फास्टॅग बंद करून आपल्या नावाचा घ्या. तासवड्याचा टोल मला रोज दोनदा लागतो. इलेक्ट्रिक गाड्यांना असलेली राज्याची टोलमाफी अटल सेतूसारख्या ठरावीक रस्त्यांची आहे, इथे ती नाही. ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास काढते, तेव्हा तो तीन हजारांचा होता. नाव वार्षिक असलं तरी दोनशे फेऱ्यांनंतर संपतो, म्हणजे माझे जेमतेम चार महिने.

सगळ्यात मोठा धक्का वीजबिलाचा होता. "किलोमीटरला एक रुपया" हे ऐकून गाडी घेणाऱ्यांनी इथे थांबावं. घरी साधा पंधरा अँपिअरचा प्लग आहे. त्यासाठी स्वतंत्र वायर ओढली आणि अर्थिंग नीट करून घेतलं, अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही. किमीमागे मीटरवर 165 वॅट-तास पडतात, कारण भरताना थोडी वीज वाया जाते. घरचा वापर 130 युनिटं आणि गाडीची चारशेवर. महावितरणचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे चढत जातात, आणि गाडीची जवळपास सगळी युनिटं वरच्या महाग टप्प्यांत पडली. बाराशेचं बिल आठ हजारांवर गेलं. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपयांच्या वर. पेट्रोलपेक्षा तरीही कितीतरी कमी, पण एक रुपया नव्हे.

इथेच जुनी गाडी घेतल्याचा खरा फायदा हाती आला. वाचलेल्या साडेसहा लाखांतून आम्ही पावसाळ्यानंतर छतावर तीन किलोवॅटचं सौर पॅनेल बसवलं. पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांचं अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास खर्च आला. आता सरासरी दिवसाला बारा युनिटं तयार होतात आणि बिल दोन हजारांच्या आत-बाहेर असतं. नवी गाडी घेतली असती तर हप्ता भरता भरता हे पॅनेल राहूनच गेलं असतं. ज्यांचं स्वतःचं छत नाही त्यांनी सोसायटीत गाडीसाठी वेगळा मीटर मिळतो का ते आधी विचारावं, आणि गाडीचं बुकिंग मग करावं.

रोजच्या वापरात तक्रार नाही. नव्वद टक्क्यांवर निघते, संध्याकाळी तीस-एकतीसवर परत येते. मुसळधार पावसात काचेवरचं बाष्प घालवायला एसी सतत लागला, तेव्हा पंचविसापर्यंत आली. ब्रेक पॅड अजून मूळचेच आहेत, कारण अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटरच गाडी आवरते आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते. टायर 52,000 किमीला चारही बदलले, 34,000 रुपये. ऑगस्टमध्ये एका सकाळी गाडी उघडेचना. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली होती, पण बारा व्होल्टची लहान बॅटरी वयाने संपली होती. पोवई नाक्याजवळून नवी आणून बसवली. जुनी गाडी घेताना त्या लहान बॅटरीचं वय कोणीच विचारत नाही. तुम्ही विचारा.

लांबचा प्रवास गणपतीत केला, कोयनेवरून कुंभार्ली उतरून चिपळूणला. उतारावर चार्ज हललाच नाही, पायथ्याला उलट एक टक्का वाढलेला होता. परतताना मात्र घाटातल्या वीस किलोमीटरला एकवीस टक्के गेले. चिपळूणच्या बाहेर भरून निघायचं ठरलं होतं. तिथला चार्जर अॅपमध्ये चालू, प्रत्यक्षात मेलेला. हेल्पलाइनवर अर्धा तास गेला, चार्जिंगची गन हातात धरून मी पावसात उभी. मुलगी मागे झोपलेली, अंधार पडत आलेला. त्या वेळी नव्या गाडीची मोठी बॅटरी मला खरोखर आठवली. घाट चढून कसंबसं पाटणच्या अलीकडे एका खानावळीपाशी थांबलो. मालक बाहेर आले, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, लावा की प्लग. मुलीला आत झोपवा." चार तासांत चाळीस टक्के भरले. विजेचे पैसे घेईनात, शेवटी सगळ्यांनी दोनदा जेवून ते फेडले.

म्हणून महिन्यातून दोनदा कोकण किंवा मुंबई असणाऱ्यांना मी ही तीस युनिटांची जुनी गाडी सांगणार नाही. चाळीसच्या वरची बॅटरी घ्या, जुनी मिळाली तर जुनी, नाहीतर नवीच.

गेल्या महिन्यात तीच चाचणी पुन्हा केली : 128 किमी, 70 टक्के, सरासरी 145. टाकी आली साडेसव्वीस युनिटांची. दहा महिन्यांत अर्ध्या युनिटापेक्षा थोडी जास्त घट झाली. याच वेगाने उतरत गेली तरी 2029 मध्ये माझी रोजची फेरी एका चार्जमध्ये आरामात होईल.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीला आता अशीच गाडी हवी आहे. रविवारी आम्ही दोघी सांगलीला 2022 ची एक बघायला चाललो आहोत. शनिवारी रात्री शंभर टक्के भरून ठेवा, असं मालकांना फोनवर सांगून झालं आहे आणि ते हो म्हणाले आहेत.