साउंडप्रूफिंगच्या नावाखाली भिंतीला फोम चिकटवून गेले, पैसे देण्याआधी हे वाचा

शेजारच्यांचा आवाज येतो म्हणून कोणी घरात साउंडप्रूफिंग करून घ्यायच्या विचारात असेल तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे वाचा, जरा लांबलंय पण आमचे ८८ हजार गेलेत तेव्हा चालवून घ्या.

आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला. आईच्या बेडरूमची आणि शेजारच्यांच्या हॉलची भिंत एकच, तीही चार इंची, आणि त्यांचा टीव्ही बरोबर त्याच भिंतीवर टांगलेला. काकांना ऐकायला कमी येतं, सांगितलं की बिचारे आवाज कमी करतात आणि थोड्या वेळानं परत होता तिथे. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवणं, रात्री उशिरा खलबत्ता, ते वेगळंच. भांडण करण्यात अर्थ नव्हता म्हणून ऑनलाइन बघून एका अकॉस्टिकवाल्याला बोलावलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

तर हा माणूस आला तोच एक लाकडी पेटी घेऊन. आतून काळा टोकटोकांचा फोम लावलेला, स्टुडिओत दिसतो ना तसा. फोनवर हॉर्नचा आवाज लावला, फोन आत ठेवला, झाकण लावलं आणि आवाज जवळजवळ गायब. "मावशी, हाच माल तुमच्या भिंतीला लागणार, निर्धास्त झोपा आता." आई खूश. आता यातली मेख सांगतो. आवाज अडवला तो जाड प्लायनं आणि घट्ट बसणाऱ्या झाकणानं, झाकणाला कडेनं रबराची पट्टीसुद्धा होती, फोमचा त्यात हात फार थोडा. तुमच्याकडे कोणी अशी पेटी आणली तर त्याला एवढंच सांगा की बाबा पेटी राहू दे बाजूला, फोन नुसत्या फोममध्ये गुंडाळून दाखव. हॉर्न खणखणीत ऐकू येतो, मी नंतर उरलेल्या तुकड्यात करून बघितलंय.

मग त्यानं एक छापील कागद दाखवला, त्यावर एनआरसी ०.८५, आणि म्हणे ८५ टक्के आवाज बंद. साफ खोटं. एनआरसी म्हणजे खोलीतला आवाज त्या मटेरियलवर आदळल्यावर किती शोषला जातो त्याचा आकडा, म्हणजे खोलीतला घुमारा किती कमी होईल ते. भिंतीपलीकडून येणारा आवाज किती अडेल याचा आकडा वेगळा असतो, त्याला एसटीसी म्हणतात, आणि तोसुद्धा नुसत्या शीटचा नाही तर अख्ख्या भिंतीचा मोजतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी खपवणं हाच यांचा सगळा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. वर "सरकारी नियमात रात्री ४५ डेसिबल आहे, आम्ही त्याच्या आत आणून सर्टिफिकेट देतो." २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ आणि दिवसा ५५ आहे हे खरं, पण ती मर्यादा त्या परिसरातल्या आवाजाची आहे, तुमच्या बेडरूमला त्यावरून सर्टिफिकेट द्यायचा याला काय अधिकार.

एक भिंत आणि अख्खं सीलिंग मिळून २५२ स्क्वेअर फूट, ३५० चा रेट, म्हणजे ८८,२००. साठ हजार आधी, तेही कंपनीच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर, आणि बिल नको म्हणालात तर जीएसटी वाचेल हे पालुपद. आम्ही बिल मागितलं तर "काम झाल्यावर देतो".

काम एका दुपारीच उरकलं. दोन पोरं आली, स्प्रेचा गम मारला, फोमचे चौकोन धडाधड चिकटवले. त्या भिंतीत स्विचबोर्ड आहे आणि त्याच्या पाठीमागेच शेजारच्यांचा बोर्ड, मधे विटेचा जेमतेम पापुद्रा, तिथे हात लावला तर टीव्हीचा आवाज बोटांना जाणवतो. त्याच्याभोवती यांनी फोम नीट कापून बसवला आणि बोर्ड तसाच ठेवला!

संध्याकाळी साहेबांनी फोनवरच्या अ‍ॅपनं मोजून दाखवलं, आधी ५८ आणि आता ३९. आधीचं मोजलं तेव्हा खिडकी उघडी, पंखा चालू. नंतरचं मोजताना सगळं बंद. मी काकांना विनंती करून तेच न्यूज चॅनल तेवढ्याच आवाजावर लावायला सांगितलं आणि फोम नसलेल्या दुसऱ्या कॉमन भिंतीपाशीही मोजलं, फरक दोनेक डेसिबलचा. तीन डेसिबलचा फरकसुद्धा कानाला जेमतेम कळतो. खोलीत टाळी वाजवली की ठप्प, घुमारा गेला हे खरं, पण त्यामुळे उलट शेजारच्या सिरियलचे डायलॉग जास्त स्पष्ट ऐकू येतात, आई म्हणते आता निदान स्टोरी तरी नीट कळते.

नंतर ओळखीच्या एका आर्किटेक्टनं समजावलं ते असं. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. भिंतीला न टेकवता वेगळी फ्रेम उभी करायची, मधे ५० एमएम रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर साडेबारा एमएम जिप्समच्या दोन शीट, सगळे सांधे आणि बोर्डाचे डबे सीलंटनं बंद, यात खोलीचे तीन-चार इंच जातात. म्हणजे जागा न खाता साउंडप्रूफ करून देतो म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. आणि वरच्या मजल्याची आदळआपट हा वेगळाच प्रकार, तो धक्का थेट स्लॅबमधून बीम-कॉलममधून भिंतीत उतरतो, खालून सीलिंगला फोम लावून काही म्हणजे काही होत नाही, त्याचा इलाज वरच्यांच्या फरशीवर, सतरंजी, खुर्च्यांना रबरी बूच वगैरे. आमच्या ८८ हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे त्या सीलिंगचे आहेत.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. साधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, फोम भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा असाच फोम पेटून १०० माणसं गेली. आमच्या उरलेल्या तुकड्याला गच्चीत काडी लावली तर थेंब थेंब वितळत पेटला, आणि हे आईच्या डोक्यावर चिकटवलेलं. काढून टाकलं, गमाबरोबर रंग आणि पुट्टीही निघाली.

तक्रार करायची असेल तर १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन आहे, तिथे दाद नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, "८५ टक्के" लिहिलेला मेसेज, कामाचे फोटो, काहीही डिलीट करू नका. आम्ही नोटीस पाठवल्यावर साहेबांचा मेसेज आला, निम्मे पैसे देतो पण आधी रिव्ह्यू काढा. रिव्ह्यू तिथेच आहे, आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय.