स्क्रीनवर १०० टक्के, खोक्यात जुन्या बॅटऱ्या

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं सार्वजनिक वाचनालय. पुस्तकांच्या देवघेवीची सगळी नोंद कोहा या मुक्त प्रणालीवर होते आणि कोहा एका साध्या संगणकावर, डेबियन लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर चालते. तो संगणक आणि राउटर एक केव्हीएच्या यूपीएसवर आहेत, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर काही वेळ चालू ठेवणाऱ्या खोक्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, म्हणजे एएमसी, एका विक्रेत्याला दिलं होतं. त्या विक्रेत्याने आम्हाला फसवलं. हाच प्रकार पतसंस्था, शाळा, छोटे दवाखाने इथेही सहज होऊ शकतो, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. वाचनालयाचा पैसा म्हणजे सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी. तो असा जावा याचा मला फार राग आहे.

बॅटऱ्या थकल्या म्हणून विक्रेत्याच्या माणसाने दोन नवीन बसवल्या. प्रत्येकी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. वर चकचकीत लेबलं. जुन्या दोन 'एक्स्चेंज'मध्ये घेऊन गेला. जाण्याआधी त्याने आमच्या ग्रंथपालांना दोन पुरावे दाखवले. एक, मल्टिमीटर लावून सत्तावीस व्होल्ट. दुसरा, संगणकाच्या पडद्यावर बॅटरी १०० टक्के. "बघा काका, फुल आहे," म्हणाला आणि सही घेऊन गेला.

त्यानंतर वीज गेली की संगणक काही मिनिटांत थेट बंद पडायला लागला. आधी इशारा नाही, व्यवस्थित शटडाउन नाही. एकदा त्यात डेटाबेसचं एक टेबल बिघडलं आणि आदल्या बॅकअपनंतरच्या देवघेवीच्या नोंदी रजिस्टरवरून पुन्हा हाताने भराव्या लागल्या. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, बॅटरी नवीन आहे. तुमच्या लिनक्समध्ये रीडिंग चुकीचं येतं. विंडोज टाका, नाहीतर आपण कॅलिब्रेशन करून देऊ, त्याचा चार्ज वेगळा." पुढच्या फोनला लिथियम बॅटरीचं कोटेशनही आलं.

लिनक्सवर दोष ढकलणं इतकं सोपं का जातं ते समजून घ्यायला हवं, कारण त्याच्या बोलण्यात सत्याचा एक तुकडा होता. लिनक्सवर यूपीएसची माहिती बहुधा 'नेटवर्क यूपीएस टूल्स' या प्रणालीतून येते, थोडक्यात 'नट'. आमच्यासारखे स्वस्त यूपीएस मेगाटेक पद्धतीच्या भाषेत बोलतात. त्या भाषेत यूपीएस वीज किती व्होल्टची येते, लोड, म्हणजे जोडलेल्या उपकरणांचा भार, किती टक्के आहे, बॅटरीचं व्होल्टेज किती आहे, असे मोजके आकडेच सांगतो. बॅटरी किती टक्के भरली आहे हे सांगतच नाही. टक्के काढतो तो नटचा ड्रायव्हर, म्हणजे यूपीएसशी बोलणारा त्याचा भाग, तोही त्रैराशिकाने. बॅटरी संचाचं नाममात्र व्होल्टेज २४ असेल, जसं आमच्या १२-१२ च्या दोन बॅटऱ्यांचं मिळून होतं, तर तो २०.८ व्होल्टला शून्य टक्के धरतो आणि २६ व्होल्टला शंभर. मधलं सगळं सरळ रेषेत.

आता यातली मेख पाहा. वीज चालू असताना चार्जर या दोन बॅटऱ्यांवर २७ ते २७.६ व्होल्ट ठेवतो. म्हणजे मुख्य वीज आहे तोवर आकडा २६ च्या वरच राहणार आणि पडद्यावर १०० टक्केच दिसणार, बॅटरी आज कारखान्यातून आलेली असो की चार वर्षं घासलेली असो. मल्टिमीटरचंही तेच. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या टोकांवर जे व्होल्टेज दिसतं ते चार्जरचं असतं, बॅटरीच्या दमाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्या माणसाने दाखवलेले दोन्ही पुरावे खरे तर एकच होते, आणि तेही बॅटरीबद्दल काहीच सांगत नव्हते.

एवढ्यावर असतं तर अडाणी तंत्रज्ञ म्हणून सोडून दिलं असतं. पण वीज गेल्यावरही आकडा १०० वरून हलत नव्हता, हे मला पटेना. त्रैराशिक कितीही ढोबळ असलं तरी व्होल्टेज घसरलं की टक्के घसरलेच पाहिजेत. नटसोबत यूपीएसलॉग नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो ठराविक अंतराने आपण सांगू ते आकडे फाइलमध्ये लिहीत राहतो. तो काही सेकंदांच्या अंतरावर लावला, संगणक बाजूला काढून यूपीएसला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. आकडे वाहायचे थांबू नयेत म्हणून यूपीएसची यूएसबी केबल स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला जोडली, आणि नटच्या सेटिंगच्या फाइलींची संगणकावरून जशीच्या तशी नक्कल त्यावर उतरवली. व्होल्टेज २७.३ वरून क्षणात २२.९ वर आलं, पाच-सहा मिनिटांत २१ च्या खाली गेलं आणि बल्ब विझला. या सगळ्या वेळात टक्क्यांच्या रकान्यात एकसारखं १००, १००, १००.

मग सेटिंगची फाइल उघडली. नटच्या फोल्डरमध्ये यूपीएस.कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्यात दोन ओळी होत्या ज्या मूळ मांडणीत नव्हत्या. पहिली: ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज = १००. दुसरी: इग्नोरएलबी. पहिल्या ओळीचा अर्थ असा की ड्रायव्हरला काहीही हिशोब लागो, टक्के १०० च दाखवायचे. घड्याळाचे काटे डिंकाने चिकटवून ठेवावेत तसं. दुसरी ओळ त्याहून वाईट. बॅटरी संपत आली की यूपीएस स्वतःहून एक इशारा पाठवतो, तोच इशारा ऐकून लिनक्स फाइली नीट मिटवून बंद होतं. इग्नोरएलबी म्हणजे तो इशारा ऐकू नको, त्याऐवजी टक्के किंवा उरलेला वेळ पाहून ठरव. टक्के तर १०० वर खिळलेले, आणि उरलेला वेळ आमचा यूपीएस सांगतच नाही. म्हणजे शटडाउनची वेळ कधी येणारच नव्हती. आमच्या नोंदी बिघडल्या त्या यामुळे.

इग्नोरएलबी ही ओळ वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. ज्या यूपीएसचा इशारा फार उशिरा किंवा उगाच लवकर येतो त्यांच्यासाठी ती मुद्दाम दिलेली सोय आहे. ओव्हरराइडही उपयोगाचं आहे. काही यूपीएस पूर्ण संचाऐवजी एका सेलचं व्होल्टेज सांगतात, २.२७ वगैरे, तिथे बॅटरी.पॅक्स, म्हणजे संचात असे सेल किती, ते हाताने सांगावं लागतं. पण बॅटरीचे टक्केच कायमचे १०० करून ठेवायला प्रामाणिक कारण काय असू शकेल, ते मला तरी सुचत नाही. त्या फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते लिनक्स नोंदवून ठेवतं. ती तारीख आणि वेळ विक्रेत्याच्या सर्व्हिस रिपोर्टवरच्या भेटीशी जुळली. फाइल दुरुस्त करण्याआधी मी तिची तारखेसह प्रत घेतली आणि पडद्याचा फोटो काढला. तुमच्यावर ही वेळ आली तर हे आधी करा, कारण फाइल एकदा सेव्ह केली की ती जुनी वेळ पुसली जाते.

दोन्ही ओळी काढून ड्रायव्हर पुन्हा चालू केल्यावर यूपीएस खरं बोलायला लागला. वीज बंद करताच टक्के १०० वरून थेट चाळिशीत.

बॅटऱ्या बाहेर काढल्या त्या गावातल्या वायरमनदादांच्या मदतीने, यूपीएसचा प्लग काढून. हे काम अंगठ्या, बांगड्या उतरवूनच करा. बॅटरी एवढीशी दिसली तरी दोन टोकं धातूने जोडली गेली तर भाजण्याइतका प्रवाह येतो. चकचकीत लेबलाचा कोपरा उचलला तर खाली दुसऱ्या कंपनीचं लेबल खरवडल्याच्या खुणा. टोकांवर आधीच्या क्लिपांचे ओरखडे होते, जे नव्या बॅटरीवर असायला नकोत. एका बॅटरीची बाजू किंचित फुगलेली. प्लास्टिकवर दाबून उमटवलेला तारखेचा शिक्का लेबलावरच्या महिन्यापेक्षा बराच जुना होता. रात्रभर काहीही न जोडता ठेवल्यावर एकीचं व्होल्टेज १२.२ निघालं. भरलेली चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास राहते. वजनही करून पाहावं. या मापाची खरी बॅटरी दोन ते अडीच किलो भरते. आमच्या वजनाला बऱ्या निघाल्या, म्हणजे आत शिसं होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी वापरून झालेलं.

एक्स्चेंजमध्ये नेलेल्या जुन्या बॅटऱ्यांवर नवी लेबलं चिकटून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात, असा माझा संशय आहे. कायद्याने त्या नोंदणीकृत रिसायकलिंग कारखान्याकडे जायला हव्यात. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ त्यासाठीच आहेत. आता आम्ही जुनी बॅटरी देण्याआधी तिच्या कव्हरवर कटरने वरवर पण ठळक फुली मारतो आणि फोटो काढतो. तुम्हीही मारा. निदान तुमची जुनी बॅटरी कुणाच्या माथी नवी म्हणून जाणार नाही.

प्रामाणिक दुकानदारावर विनाकारण आळ येऊ नये म्हणून एक गोष्ट समजून घ्या. टक्के एकदम खाली आले म्हणजे बॅटरी वाईट, असं नाही. आम्ही दुसरीकडून खरोखर नव्या बॅटऱ्या घेतल्या, त्यांवरही वीज जाताच आकडा १०० वरून ७३ वर आला, कारण लोड पडल्यावर व्होल्टेज २४.६ वर स्थिरावलं आणि त्रैराशिकाने त्याचे ७३ टक्के होतात. वीज परतली की पुन्हा १००. हा ड्रायव्हरचा ढोबळ हिशोब आहे, लबाडी नव्हे. तो सुधारताही येतो. कमाल आणि किमान व्होल्टेजचे आकडे आपल्या संचाप्रमाणे लिहायचे आणि रनटाइमकॅल या ओळीत किती लोडवर किती सेकंद चालतं ते मोजून भरायचं, मग नट टक्के आणि उरलेला वेळ बऱ्यापैकी सांगतो. हे फुकट होतं. आमच्या यूपीएसला 'कॅलिब्रेशन' म्हणून वेगळे पैसे मागणं ही शुद्ध लूट होती, कारण यात कॅलिब्रेशनची, म्हणजे बॅटरीचा दम नव्याने मोजून घेण्याची, सोयच नाही. काही महागड्या यूपीएसमध्ये ती असते, तिथेही ती यूपीएसच स्वतः बॅटरी उतरवून करतो. जे यूपीएस स्वतःच टक्के सांगतात त्यांच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. बॅटरी म्हातारी झाली तरी त्यांतले काही नवीनच धरून हिशोब करत राहतात.

खरा निकाल लागतो तो वेळेवर. ७ अँपिअर-अवरच्या दोन नव्या बॅटऱ्या १०० वॅटचा बल्ब साधारण पाऊण तास चालवतात. कागदावर १६८ वॅट-अवर दिसतात म्हणून दीड तासाची अपेक्षा करू नका. ७ चा आकडा वीस तासांत हळूहळू उतरवल्यावरचा असतो, भराभर उतरवलं तर बॅटरी कमी देते, शिवाय यूपीएसमधला इन्व्हर्टरही काही खातो. पण अर्ध्या तासाच्या आत बल्ब विझला तर पैसे देऊ नका. ही चाचणी बॅटरी निदान रात्रभर चार्ज झाल्यावर, विक्रेत्याच्या माणसासमोर करा आणि सर्व्हिस रिपोर्टवर मिनिटं लिहून दोघांच्या सह्या घ्या. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर बॅटऱ्यांचे सीरियल नंबर हवेत. आमच्या बिलावर नुसतं 'बॅटरी, नग २' होतं, आणि विक्रेत्याने पहिली हुज्जत त्यावरूनच घातली: "या आमच्याच कशावरून?" सर्व्हिस रिपोर्टवर काकांनी सवयीने टिपून ठेवलेले नंबर होते, त्यामुळे ते प्रकरण मिटलं.

एएमसीच्या माणसाला संगणकाचा रूट पासवर्डही, म्हणजे त्यातलं काहीही बदलू देणारा मुख्य पासवर्ड, देऊ नका. बॅटरी बदलायला त्याची गरज नसते. आमच्याकडे तो 'ड्रायव्हर बघायचाय' म्हणून मागून घेतला गेला होता. आणि ज्यांच्याकडे लिनक्स आणि नट आहे त्यांनी आजच यूपीएस.कॉन्फ उघडून त्यात ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज शोधा. सापडलं तर आधी प्रत घ्या, मग बॅटऱ्या तपासा.

आम्ही विक्रेत्याला लेखी कळवलं, सोबत यूपीएसलॉगची छापील पानं, फाइलीची प्रत, लेबलांचे फोटो. त्याने दाद दिली नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर बॅटऱ्यांचे पैसे परत आले. एएमसीचे मात्र तो द्यायला तयार नाही, आणि त्यासाठी आम्ही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जात आहोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेलाही हा हक्क आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. आमच्या अर्जात बॅटरीच्या किमतीपेक्षा त्या दोन ओळींवर भर आहे, कारण जुना माल खपवणं ही एक फसवणूक आणि ती दिसू नये म्हणून संस्थेच्या संगणकात हात घालणं ही दुसरी.