साईन नेल: सी-आर्म नसलेल्या थिएटरसाठी

टांझानिया, मलावीतल्या कित्येक रुग्णालयांत सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना हाडाचा एक्स-रे पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसतो. मांडीचं हाड मोडलेला रुग्ण मग आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर (वजन लावून पाय ओढून धरलेल्या स्थितीत) पडून राहतो, हे फार वाईट आहे. डॉ. लुईस झर्कल यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या साईन संस्थेची साईन नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालून स्क्रूने अडकवायची भरीव स्टीलची सळी, हा त्यावरचा उत्तम उपाय आहे.

टार्गेट आर्म (सळीतली स्क्रूची खाच कुठे आहे ते बाहेरून दाखवणारी दांडी) सळीशी बाहेरच जुळवून बोल्ट घट्ट करायचे. सळी आत गेल्यावर कॅन्युलातून (ड्रिलला दिशा देणाऱ्या नळीतून) हाडाची जवळची भिंत ड्रिल करून स्लॉट फाइंडर (खाच शोधायचं अवजार) घालायचा. तो फिरवताना सळीही हलली, तरच खाच सापडली. पलीकडची भिंत मगच ड्रिल करावी. घोळ होतो तो इथेच. हाताने केलेलं रीमिंग (हाडाची पोकळी कोरून रुंद करणं) अपुरं राहिलं की सळी आत वाकते आणि खाच नेमावरून सरकते. म्हणून सळीच्या जाडीपेक्षा 1 ते 2 मिमी जास्त रीम करावं.

उणीव म्हणजे मांडीचं फ्रॅक्चर बहुधा उघडूनच जुळवावं लागतं, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

केसची नोंद आणि एक्स-रे ऑनलाइन पाठवले की वापरलेल्या सळ्या भरून मिळतात. त्या कामाला एक माणूस नेमाच.