दंडातून भरपाई की सरकारी योजनेतून?
गुन्ह्यात होरपळलेल्याला भरपाई मिळण्याच्या वाटा दोन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ३९५ नुसार न्यायालय दोषीच्या दंडातून पैसे देतं. ऐकायला न्याय्य, पण आधी आरोपी सापडायला हवा, खटला चालायला हवा, शिक्षा व्हायला हवी. अपील झालं की रक्कम निकालापर्यंत अडकते. दोषीच कफल्लक निघाला तर बोलायलाच नको!

कलम ३९६ मध्ये पैसे सरकारचे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्ह्यात कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. चौकशीला मुदत दोन महिन्यांची. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर मोफत उपचार, अंतरिम मदतही मिळू शकते. दवाखान्याचं बिल समोर असताना मी तरी आधी हाच अर्ज भरायला सांगेन.