कोपराजवळचा थेंब की पाठीवरची पट्टी?
टी ट्री तेलाची क्रीम सोसेल का, हे बघायला बहुतेक जण कोपराच्या आतल्या बाजूला जराशी लावतात; तासाभरात काही झालं नाही की निर्धास्त. गफलत इथेच होते. जळजळ लगेच कळते, ॲलर्जी मात्र बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उगवते. म्हणून घरी करायचंच तर आठवडाभर, रोज दोनदा, त्याच जागी लावा. फुकटात होतं, पण नेमका कोणता घटक नडला ते कळत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर एकेक घटक वेगळा, ठरावीक प्रमाणात चिकटवतात. 48 तासांनी पट्ट्या काढतात, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. मे महिन्यात ही शिक्षाच! तरी आधी पुरळ उठलेल्यांनी हाच मार्ग धरावा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर पडणारे डाग मात्र दोन्हींतून निसटतात, कारण उन्हाशिवाय ते उमटतच नाहीत.