उजनीचा गाळ तपासून घेतला, त्याबद्दल

आमची शेती इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. धरण १९८० ला पुरं झालं तेव्हा सासऱ्यांचा नदीकाठचा मळा विहिरीसकट पाण्यात गेला. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ती जमीन पुन्हा वर येते, पण आता तिच्यावर गाळाचा थर असतो. लोक तिथं गाळपेर करतात, कुणी ट्रॉल्या भरून गाळ वरच्या रानात नेतं. आम्हीही दोन वर्षं नेला. मेथी इतकी जोमानं आली की मलाच धास्ती वाटली. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेतून आमच्याकडं येतं आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही त्याच वाटेनं. धरणात पाण्याचा वेग मोडतो, मग बरोबर आलेलं सगळं तळाला बसतं. ती मेथी आम्ही बाजारात विकतो आणि घरी नातवंडांनाही घालतो. म्हणून गाळ तपासायचं ठरवलं.

ज्या लॅबबद्दल हे लिहितेय, ती माझी दुसरी. पहिल्या ठिकाणी मी कॅरीबॅगमध्ये गाळ भरून नेला, त्यांनी काउंटरवर घेतला, पैसे घेतले आणि आठ दिवसांत कागद दिला. त्यात धातूंचे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर असे होते. गाळ लिटरवर कसा मोजला, हे तिथं कुणाला सांगता आलं नाही. मुलगी केमिस्ट्रीची, तिनं दुसरी गोष्ट दाखवली: वजन ओल्या गाळाचं धरलं होतं. गाळात ६० टक्के पाणी असेल तर कोरड्या वजनावर तोच आकडा अडीचपट होतो. म्हणजे त्या कागदावरून गाळ चांगला की वाईट, काहीच ठरत नव्हतं. खाली मात्र ‘समाधानकारक’ असा शिक्का होता. त्या शिक्क्याचा मला अजून राग येतो, कारण त्याच्या भरवशावर मी आणखी दहा ट्रॉल्या टाकल्या असत्या.

या लॅबला फोन केला तेव्हा दर सांगायच्या आधी तिथल्या मॅडमनी विचारलं, “गाळ कशासाठी हवाय ताई? भाजीला, झाडांना की विटांना?” मग विचारलं, “तुमच्या भागात शहराचं पाणी न पोचलेला एखादा तलाव आहे का?” दुसरा प्रश्न तेव्हा मला कळला नाही. सगळी किल्ली त्यातच होती, ती पुढं सांगते.

नमुने घ्यायला लॅबमधला मुलगा स्वतः आला. आमच्या ओळखीच्या मच्छीमाराची होडी ठरवली होती. मी खोरं घेऊन निघाले तर म्हणाला, “काकू, लोखंडी खोरं राहू द्या, त्याचाच धातू नमुन्यात येईल.” त्याच्याकडं दोन जबड्यांचा स्टीलचा डबा होता. दोरीनं तळाला सोडायचा, वरून वजन टाकलं की जबडा मिटतो. वर काढून त्यानं झाकण उघडलं आणि मला आत बघायला लावलं. सर्वांत वर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ, तपकिरी थर. त्याखाली एकदम काजळासारखा काळा गाळ, सडक्या अंड्याचा वास. आणि त्या काळ्यात लाल दोऱ्यासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगातही आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू कमी असला तरी त्या तग धरतात. तळात दुसरं काही नाही आणि फक्त अशाच अळ्या दिसल्या तर तळ बिघडलाय असा त्याचा अर्थ असतो, म्हणून त्यानं चाळणीवर गाळ धुऊन त्या मोजल्या आणि वहीत लिहिलं. डब्याच्या कडेचा गाळ त्यानं घेतला नाही, मधलाच प्लॅस्टिकच्या चमच्यानं काढला. बाटल्या काठोकाठ भरल्या, आत हवा राहू दिली नाही आणि लगेच बर्फात ठेवल्या.

तीन ठिकाणं घेतली. तिसरं सासूबाईंनी दाखवलं. पाण्याखाली विहीर कुठं आहे ते त्यांना काठावरच्या खुणांवरून अजून सांगता येतं. चौथा नमुना माळावरच्या पाझर तलावातला.

आता त्या तलावाचं. अहवालात तुलनेला अमेरिकेत २००० साली ठरवलेले गाळाचे आकडे होते. प्रत्येक धातूला दोन पायऱ्या. तांब्याची खालची ३१.६ मिलिग्रॅम प्रति किलो, तिच्याखाली जीवांना सहसा अपाय दिसत नाही. वरची १४९, तिच्यापुढं अपाय बहुधा दिसतोच. आमचे तिन्ही नमुने तांब्याच्या खालच्या पायरीच्या वर गेले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण पाझर तलावाचा गाळही वरच होता! आपला काळा कातळ मुळातच तांबं, निकेल, क्रोमियम बाळगून असतो, त्याची माती तशीच. दुसऱ्या मुलखाचा आकडा इथं डोळे झाकून लावला तर स्वच्छ माळही दूषित ठरेल. म्हणून त्यांनी आमच्या गाळाची तुलना आमच्याच तलावाशी केली. म्युलर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये दिलेलं सूत्र वापरलं: तलावाच्या आकड्याला दीडनं गुणायचं, म्हणजे निसर्गातला चढउतार धरला जातो, आणि गाळातला आकडा त्याच्या वर किती वेळा दुप्पट होत जातो ते पाहायचं. तांबं, क्रोमियम तलावाएवढंच निघालं. जस्त मात्र जवळपास दुप्पट. ते कातळाचं नाही, वरून आलेलं आहे. तलावाच्या दुप्पट म्हणजे सूत्रात शून्य ते एकच्या पायरीत, ‘थोडं प्रदूषित’. घाबरून जावं असं नाही, पण दुर्लक्ष करावं असंही नाही.

नुसत्या धातूवर ते थांबले नाहीत, म्हणून मी पाच तारे देतेय. धातू गाळात आहे म्हणजे तो जिवाला लागतोच असं नाही. काळ्या गाळातला गंधक धातूला धरून ठेवतो. तोच गाळ उपसून रानात पसरला, उन्हावाऱ्याला लागला की ती पकड सुटते. आम्ही दोन वर्षं नेमकं तेच करत होतो. त्यांनी एक वाटा ओला तपासला आणि एक आठ दिवस वाळवून त्यात पाणी फिरवून तपासला. वाळवलेल्यातून जस्त जास्त सुटलं. शिवाय आमच्या गाळात आणि तलावाच्या गाळात तसल्याच अळ्या दहा दिवस सोडून किती जगतात ते पाहिलं. तलावाच्या भांड्यात किमान ७० टक्के जगल्या नाहीत तर चाचणीच बाद धरतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. आमच्या गाळात अळ्या जगल्या, पण वाढ खुंटली. तिसऱ्या ठिकाणच्या सर्वांत लहान राहिल्या.

कमी काय ते लिहिते. पंधरा दिवस म्हणाले, सव्वीस लागले. अहवाल अख्खा इंग्रजीत. मुलगी नसती तर मला तो आकड्यांचा तक्ताच वाटला असता. मॅडमनी फोनवर पाऊण तास समजावलं, पण कागदावर मराठीत दोन ओळी हव्यात. होडीचं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च दरात धरलेला नव्हता, तो ऐनवेळी कळला. कीटकनाशकं आणि तेलकट रसायनं यांची तपासणी वेगळी आणि महाग, ती मी केली नाही, त्यामुळं त्या बाबतीत माझ्याकडं उत्तर नाही.

यंदा वरच्या रानात एकही ट्रॉली नेली नाही. आधी टाकलेल्या पट्ट्यात पालेभाजी बंद केली आणि तिथल्या मेथीचा शेवटचा वाफा पाल्यातल्या जस्त आणि कॅडमियमसाठी याच लॅबला दिलाय. सासूबाईंनी अहवाल आल्यावर तीन नंबरचंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं. मे महिन्यात पाणी मागं गेलं की विहिरीजवळ उभा नळा खुपसून खोल थरापर्यंतचा गाळ काढायचा आहे, म्हणजे वरच्या आणि जुन्या थरांतला फरक दिसेल. तारीख घेऊन ठेवली आहे. अहवाल मराठीत द्या, हेही लिहून घेतलंय.